नव्या गोष्टीतला नायक

नेरिसने पानांचा जाडजूड गठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मग पर्समधून फोन काढला, बाहेरच्या खोलीत तो ठेवून आली आणि येताना दार लोटून घेतलं.

"अगं, कुणाचा फोन आला तर?" ग्वेंडाने विचारलं.

"येऊ दे."

शनिवारची दुपार होती. रस्त्यापलीकडे गाडीत लॉयड पेपर वाचत बसला होता. नेरिसला तोच आणून सोडायचा, पण आत यायचा नाही. मायलेकींना निवांत बोलू दे, म्हणायचा. जावई समंजस मिळाला, असं ग्वेंडा शेजारणींना वर्षभर सांगत आली होती.

ग्वेंडा वाचनालयातून निवृत्त झाली, तेव्हापासून जुन्या प्रेमकादंबऱ्या आजच्या काळात आणून नव्याने लिहायची. यंदाची कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीची. त्यातला जमीनदार पाद्र्याच्या मुलीवर जीव टाकतो. तिची पत्रं तिच्याआधी फोडून वाचतो, तिची बग्गी निघाली की मागोमाग घोडा काढतो, तिला मागणी घालणाऱ्याला परस्पर वाटेला लावतो. शेवटी सगळं कबूल करतो, आणि ती आनंदाने रडते. सोळाव्या वर्षी ग्वेंडाही रडली होती.

पत्रांच्या जागी फोन आला, पण आजच्या पोरी कशा वागतात हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती नेरिसला विचारायची. नेरिस हसत हसत सांगायची. लॉयडला माझा पासवर्ड पाठ आहे. रोज संध्याकाळी ऑफिसखाली उभा असतो. माझ्या मैत्रिणीशी, ब्रॉनविनशी, माझं फार जमायचं, ते त्याने बंद केलं. ग्वेंडाने सगळं वहीत टिपलं आणि नायकाला देऊन टाकलं. संपादिका खूश झाली. असा पुरुष सापडला कुठे, म्हणाली. "जावयाकडून उसना घेतलाय," असं ग्वेंडाने तोऱ्यात सांगितलं होतं.

नेरिसला वाचायचं होतं, पण कागदावर. छापून ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, असं तिने बजावलं होतं. पोरीचे डोळे दुखत असतील, एवढंच ग्वेंडाच्या मनात आलं होतं.

"आवडलं का?" आता चहा ओतत तिने विचारलं.

नेरिसने गठ्ठा तिच्याकडे सरकवला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ग्वेंडाने चष्मा लावला. चौदा मार्च. दोन एप्रिल. पुन्हा दोन एप्रिल.

"या तारखा कसल्या?"

"घडलं त्या दिवसांच्या."

"ते माहीत आहे गं. तुझ्याकडूनच तर ऐकलं मी."

"सगळं नाही ऐकलंस."

ग्वेंडा पानं उलटत गेली. सातव्या प्रकरणात नायिका पासवर्ड बदलत असते. नायक मागून येतो, आवाज न चढवता तिचं मनगट धरतो, आणि ती फोन खाली ठेवेपर्यंत सोडत नाही. हे नेरिसने सांगितलं नव्हतं. हा माणूस आता काय करील, असा विचार करता करता ते ग्वेंडालाच सुचलं होतं. लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होऊन तिने बिस्किटं खाल्ली होती.

त्या ओळीसमोर एकोणीस मे लिहिलं होतं.

ग्वेंडाने वर पाहिलं. नेरिसने बाही बोटांपर्यंत ओढून घेतली होती. एवढ्या उकाड्यात.

"हे तर मी मनाने लिहिलं होतं," ग्वेंडा पुटपुटली. "तू बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. तू लिहून घेत होतीस."

मग नेरिसने पहिलं पान वर काढलं.

"आई, या नायिकेला आई का नाही?"

"जुन्या पुस्तकातच नाही. सुरुवातीलाच गेलेली असते."

"नव्यात घालता येते ना?"

ग्वेंडा तोंड उघडणार, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. नेरिस एकदम ताठ झाली. दोन्ही हात तिने टेबलाखाली घेतले.

"बस तू," ग्वेंडा म्हणाली आणि उठली.

दारात लॉयड उभा होता. नेहमीसारखा हसरा, पेपर बगलेत.

"निघायचं का? उशीर केला तर रस्ता तुंबेल. नेरिस फोन उचलत नाहीये."

"नेरिस आज इथेच राहतेय."

"असं तीच म्हणाली?"

ग्वेंडा थांबली. मागून शब्द येईल असं तिला वाटलं. आला नाही.

"मी म्हणतेय."

लॉयड मोकळेपणाने हसला. "ग्वेंडा, तुम्ही ना, गोष्टींतून बाहेर या जरा. बोलवा तिला. ती सांगेल ना स्वतः."

त्याने एक पाय उंबऱ्यावर ठेवला. ग्वेंडा वयाने एकसष्ट, गुडघ्यांनी अधू. तिने चौकटीला दोन्ही हात लावले. तो जवळून फारच उंच होता, हे वर्षभरात तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ग्वेंडाच्या अगदी पाठीशी थांबली. लॉयडने तिच्या खांद्यावरून पाहिलं, मान किंचित कलती केली, जणू लहान मुलाला बोलावतोय.

ग्वेंडाने वळून पाहायचं टाळलं.

मग पावलं हलली. जिन्याची पहिली पायरी करकरली, दुसरी करकरली. ती एकेक पायरी वर चढत गेली, आणि वरच्या खोलीला आतून कडी लागली.

लॉयडनेही ते ऐकलं.