उखर्डू आबांच्या आधीचे तिघे

मी डॉक्टर हेमांगी, धुळ्याची. सध्या माझं काम म्हणजे शोधनिबंध मोजणं. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. तिच्या एका आनुवंशिक आजारावर गेल्या तीस वर्षांत कुठे काय संशोधन झालं, त्याचा आढावा मी घेतेय. आधी सगळे औषधाच्या मात्रेवर लिहीत, मग जनुकांवर, आता जन्मल्याबरोबर करायच्या तपासणीवर आणि नव्या गोळ्यांवर. मी चाळलेल्या ढिगात खानदेशातलं एकही घर नाही. आजार इथे नाही असं नव्हे, मोजायला कोणी आलं नाही. याचा मला राग येतो.

म्हणून पाचोऱ्याजवळच्या एका गावी ऋतिकाच्या घरी गेले. तिचा पहिला मुलगा सतराव्या दिवशी गेला होता. उलट्या होत होत्या, अंगातलं मीठ लघवीवाटे जात होतं. रक्ताचा अहवाल आला तो मूल गेल्यानंतर. आता तिला आठवा महिना होता. या बाळाचं रक्त तिसऱ्या दिवशी तपासलं आणि गरज असेल तर लगेच औषध सुरू केलं, तर ते जगेल, एवढंच मला सांगायचं होतं.

सासरे उखर्डू आबा ऐकेनात. आजार आई आणि बाप दोघांकडून येतो म्हटल्यावर तर भडकलेच. म्हणाले, घरात माझी लेक सुलक्षणा लग्नाची आहे, गावभर बोभाटा होईल. खोट सुनेच्या भुसावळच्या माहेरात आहे, तिला तिकडेच धाडतो, पुढचं ते बघतील. ऋतिकाचा नवरा पियुष मान खाली घालून बसला होता. आबांपेक्षा त्याचाच मला जास्त संताप आला.

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नव्हता. मी वंशावळीचा कागद काढला आणि नावं लिहू लागले. आबांच्या नावापाशी थांबले. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलत आणि नावही उकिरड्यावरूनच, उखर्डू असं टाकाऊ देत, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तुमच्या आधी किती मुलं गेली, मी विचारलं.

आबांनी कागदावरच्या आपल्या नावाकडे बघितलं. मग म्हणाले, "तीन. बठ्ठा आंडोरच. माय सांगे, दूध वकेत, सुकी जायेत. महिनाना आत गयात." मी त्यांच्या नावाआधी तीन मुलगे लिहिले.

त्या काळी बाळं शंभर कारणांनी जात, नावावरून निदान होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. आबांचं लक्ष नव्हतं. नातूही दूध ओकतच सुकला होता, आणि तो त्यांच्या मांडीवर गेला होता.

त्यांनी ऋतिकाला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"पोरी, तू कोठे जाऊ नको," ते म्हणाले. "मी वाचनू, म्हनीसनी माले वाटनं आम्हना घरमा काहीच नही."

ऋतिका तिथेच खाली बसली आणि रडली. पियुषने बाळाचं रक्त तपासायच्या संमतीच्या कागदावर सही केली. मी सामान आवरत होते, तेव्हा आबांनी आतून सुलक्षणाला बोलावलं आणि तिचा हात तपासणीसाठी माझ्यापुढे धरला.

"हिनं रगतबी लई ल्या," ते म्हणाले.