अव्हेकोपेच्या आयांची उदासीनता

टोगोच्या राजधानीहून, लोमेहून, आलेले डॉक्टर सेन्यो लॅपटॉप उघडून अव्हेकोपे गावच्या तान्ह्या पोरांचं भविष्य सांगायला बसले. ज्योतिषी निदान हात तरी बघतो. यांनी एकाही पोराचं तोंड पाहिलं नव्हतं.

"लसीबरोबर मलेरिया टाळायची गोळी दिली की इतर गावांत ताप बराच घटेल," ते म्हणाले. "तुमच्याकडे काडीचा फरक पडणार नाही. लसीच्या दिवशी आया फिरकतच नाहीत. आजचंच बघा, दवाखाना ओस! शुद्ध उदासीनता. गोळ्यांच्या यादीतून गाव वगळतोय, सिस्टर."

नर्स झिग्बोदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या पावसात तापाने दोन तान्ही गेली होती. त्यातलं एक तिच्या भाचीचं.

"साहेब, आधी चार घास खाऊन घ्या," ती म्हणाली आणि त्यांना बाजारात घेऊन गेली.

मिरच्या, सुकी मासळी, मक्याचं पीठ, आणि विकणारीच्या पाठीला बांधलेलं एकेक बाळ.

"अबब! एवढी बाळं? आज कसला उत्सव?"

"उत्सव कसला, हीच ती उदासीनता! बाजार दर चौथ्या दिवशी, तुमची लस दर अठ्ठाविसाव्या. करा की भागाकार, दर खेपेला दोन्ही एकाच दिवशी! एक दिवस पुढे ढकला म्हणून तीनदा लिहिलं. उत्तर आलं, 'मातांचे प्रबोधन करा.'"

"पण मॉडेलमध्ये बाजाराला रकानाच नाही हो."

तेवढ्यात रताळी विकणाऱ्या कोसिवाने पाठीवरचं बाळ सोडून त्यांच्या हातात कोंबलं. "धरा जरा, दादा. मला टोपली उचलायचीय."

डॉक्टर चपापले. "सिस्टर, हे भाजतंय!"

"मग? तुमच्या यंत्रात त्याला ताप आहे की नाही?"

बाळाला घेऊन डॉक्टर स्वतः दवाखान्याकडे धावले. मागून कोसिवा, तिच्यामागून झिग्बोदी. वेळेवर औषध मिळालं, पोर वाचलं.

तीन महिन्यांनी गोळ्यांची खोकी आली. लसीचा मंगळवार बुधवारावर गेला. सोबत छापील अहवाल होता: 'प्रबोधनामुळे अव्हेकोपेच्या मातांची उदासीनता दूर झाली.'

पहिल्याच बुधवारी झिग्बोदीने तो रांगेतल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला.

"आम्ही कुठे उदासीन होतो गं बाई?" बाळाला गोळी भरवत कोसिवा म्हणाली. "उदासीनता लोमेला होती. तिची तब्येत कशी आहे, तेवढं विचारून घे."