करंजाच्या सावलीतली चूक

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो काचेचा, पाऱ्याचा, आकडे पुसट झालेला एक तापमापक. वीसहून अधिक वर्षे मी रायपूरचे ऊन मोजले. आता थकलो आहे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले त्याच्या पुढच्याच वर्षी शहराच्या गुढियारी भागातल्या एका मराठी शाळेने मला आणले. विज्ञानाच्या प्रमोदिनीबाईंनी मला झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत बसवून अंगणात उभे केले. दुपारी अडीचला मुले माझा आकडा वहीत लिहीत आणि बाटलीत उरलेले पाणी शेजारच्या करंजाच्या रोपाला घालत.

करंज वाढला. मुळांनी ओढलेले पाणी पाने वाफ करून सोडतात. ती वाफ आसपासची उष्णता घेऊन जाते. ऊन फारच चढले, तर पाने आपली रंध्रे मिटून घेतात. म्हणजे झाड हवेला आवरते आणि हवा झाडाला. माझा पारा शहराच्या आकड्यापेक्षा दोन अंश खाली राहू लागला. पाचवीचा वर्ग त्या सावलीच्या खोलीत बसे. माझे कौतुक होई. ते खरे करंजाचे होते.

बाई काटेकोर होत्या. तापमापक झाडापासून दूर हवा, हा नियमच आहे. वरच्या कार्यालयाला पाठवायच्या वार्षिक तक्त्यात दोन रकाने होते: दोष आणि दोषाचे कारण. त्यांनी लिहिले, ‘नोंद कमी येते. कारण: करंज.’ उपायाचा रकाना नव्हता. उपाय त्या कार्यालयाने स्वतःच ठरवला.

मार्चमध्ये मुख्याध्यापक गुलाबराव मंजुरीचा कागद घेऊन अंगणात आले. मागे कुऱ्हाड घेऊन शिपाई बंडू.

“झाड काहून तोडायचं, सर? पेटीच सरकवू ना,” बंडू म्हणाला.

“हव, तू आता सायंटिस्ट झाला. बाईंनीच लिहून देलं आहे.”

बाई वर्ग सोडून आल्या. “सर, मले पेटी हलवायची होती. झाड नव्हतं तोडायचं.”

“मग तसं लिहाचं होतं ना, मॅडम. आता मी वर काय सांगू, मॅडमचं मन बदललं?”

संध्याकाळपर्यंत अंगण मोकळे झाले.

एप्रिलच्या परीक्षेत माझा आकडा शहराच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. पाचवीच्या दोन मुलींना पेपर लिहितानाच घेरी आली. बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारले आणि मग तक्त्यात ‘दोष नाही’ असे लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले नाही.

मित्रांनो, एका करंजाने पृथ्वीचे हवामान ठरत नाही. तसा दावा मी करणार नाही. ते काम अफाट जंगले आणि समुद्रातले सूक्ष्म जीव मिळून करतात, आणि हवामान उलट त्यांना घडवते. पण एका अंगणापुरते ते काम करंज करत होता. मी नुसता मोजत होतो. दोघांपैकी कोणाला हलवायचे, हे ठरवताना घाई करू नका. माझी पेटी चार खिळ्यांवर उभी होती.