मोठी चूल

“अहो, डबा राहिला!”

नवरा अर्ध्या जिन्यातून परत वर आला. डबा विसरणाऱ्यांतला तो नव्हता. पण आज दाढी करताना त्याने गाल कापून घेतला होता, चहात साखर दोनदा टाकली होती आणि तो चहा हूं की चूं न करता पिऊनही टाकला होता. काहीतरी बिनसले आहे हे तिने केव्हाच ओळखले होते.

“नवं युनिट अजून धापा टाकतंय,” दाराच्या चौकटीला टेकून तो म्हणाला. “साहेबांना म्हटलं, आणखी थोडे दिवस दमानं घेऊ. ते म्हणाले, पाहुणे आज यायचेत. तुमच्या युनिटला बरं वाटेल तेव्हा नाही.”

“मग?”

“मग काय, आज पूर्ण जोरात चालवायचं. आत मी आणि मामा आहोत. तू वर काचेच्या गॅलरीत असशील?”

“असणारच. तुम्ही लोक आत काय दिवे लावता ते त्यांना सांगणार कोण?”

तो हसल्यासारखे करून निघून गेला. तिने दार लावले आणि ओट्यावरच्या खिडकीतून प्लांटकडे पाहिले. चिमणीवरची ज्योत बारीक होती, म्हणजे आत सगळे ठीक. तरीही ती खिडकीपासून हलेना.

कारखान्यात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. टेलिफोनच्या बोर्डावर लागली तेव्हापासूनचे हे नाव. पाळी बदलली, अमक्या फाटकाने जाऊ नका, तमक्याच्या घरून निरोप आहे, हे सगळे कर्ण्यावरून तीच सांगायची आणि तिचा आवाज असा, की सांगितलेले ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकदम शिरावे. पुढे कंपनीने वाढायचे मनावर घेतले. पैसे घालणारे पाहुणे येऊ लागले. त्यांच्यासाठी प्लांटला लागूनच काचेची गॅलरी बांधली गेली आणि काचेपलीकडचे गौडबंगाल समजावून सांगायला रेडिओला बोर्डावरून उचलून तिथे उभे केले. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेली बाई! सुरुवातीला ती रोज रडत घरी यायची.

तिला तारले मामांनी. मामा तसे कोणाचेच मामा नव्हते. नवऱ्याच्या पाळीतले सर्वांत जुने ऑपरेटर, एकटे राहणारे, पाळी सुटली की हिच्या स्वयंपाकघरात चहाला हजर. एकदा तिची तुटलेली माळ वाटीत पडली होती, ती त्यांनी ओट्यावर उपडी केली.

“हे बघ रेडिओ, गॅस म्हणजे हे सुटे मणी. बाजार आहे तिकडे लांब, आणि हे हातात राहत नाहीत. म्हणून इतकी वर्षं आपण नुसता जाळत होतो. आता काय करतो? गॅस फोडतो आणि त्याचे मणी पुन्हा दोऱ्यात ओवतो. माळ लांब झाली की जड होते. झालं तेल! पाण्यासारखं स्वच्छ. टँकरमध्ये भर आणि ने कुठंही.”

“एवढंच?”

“एवढंच. पगार मिळतो तो घाम पुसण्याचा.”

तेव्हापासून तिच्या भाषणात मणी आले ते कायमचे. मोठमोठे सुटाबुटातले लोक त्या मण्यांपाशी येऊन माना डोलवत. मामांना याचे कोण कौतुक! “आज माझे मणी कोणाकोणाला विकलेस?” असे ते बशीत चहा ओतता ओतता विचारत.

वसाहतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या प्लांटकडे उघडत. उंच चिमणीच्या टोकावर उरलासुरला गॅस जळत असे, त्या ज्योतीला बायका मोठी चूल म्हणत. ती बारीक असली की आत सगळे ठीक, माणूस वेळेवर घरी. ती भडकली की यंत्र थांबले, गॅसचे तेल होत नाही, तो नुसता वर जळतो आहे आणि आज जेवण गार होणार. मोठ्या चुलीकडे बघून बायका आपल्या चुलीवर कुकर चढवत. भडकलेली चूल दिसली की रेडिओचे तोंड सुटायचे. असेच एकदा मामांनी तिला थांबवले होते.

“ती भडकली तर चिडू नकोस गं. यंत्र थांबलं की गॅसला वर जायला वाट हवीच. यंत्र बंद पडलंय आणि चूल मात्र लहानच, असं कधी दिसलं ना, तर चपला हातात घे आणि पळ.”

पाहुणे आले. पांढरी हेल्मेटे, नवे कोरे बूट. त्यांच्या पुढे विस्तार विभागाचे साहेब, दोन्ही हात पसरल्याशिवाय ज्यांना एक वाक्यही बोलता येत नसे. रेडिओने छडी हातात घेतली, घसा साफ केला आणि नेहमीप्रमाणे डाव्या हाताची बोटे काचेला टेकवली. युनिट चालू असले की ती काच अगदी बारीक थरथरत असे. बोटांना ते कळले की तिला बोलायला धीर येई. नवरा आत आहे, काम चालू आहे, आपणही आपले काम करावे.

“हा गॅस विहिरीतून येतो,” तिने सुरुवात केली. “इथून बाजारापर्यंत नळ टाकणं परवडत नाही. म्हणून आम्ही त्याला इथेच बदलतो. गॅस म्हणजे सुटे मणी समजा...”

माना डोलल्या. मागच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने तर बोटांनी माळ ओवून दाखवली. लोक हसले. आणि त्या हसण्यातच तिच्या बोटांखालची काच निपचित झाली.

तिने बोटे उचलली, पुन्हा टेकवली. काही नाही. तिने चिमणीकडे पाहिले. ज्योत बारीकच होती.

“...हे मणी ओवून...” ती म्हणाली आणि पुढचा शब्द तिला सापडेना. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. पाहुण्यांना वाटले, बाई विराम घेते आहे. यंत्र बंद, चूल लहान. गॅस कुठेतरी अडून बसला होता आणि तो जिथे अडला होता तिथे तिचा नवरा होता. मामा होते. काचेच्या अलीकडे ही सगळी पांढरी हेल्मेटे होती. तिच्या पायांना पळायचे होते. पण आरडाओरडा केला आणि काहीच झाले नाही तर? आणि न ओरडता काही झाले तर?

“आता आपण खाली जाऊ,” ती एकदम म्हणाली. “खालच्या दालनात प्लांटची प्रतिकृती आहे. चला, लवकर चला.”

विस्तारसाहेब आडवे आले. चेहऱ्यावर हसू तसेच ठेवून त्यांनी आवाज खाली आणला. “बाई, वाढीची योजना राहिली. त्यासाठीच आलेत हे लोक.”

“साहेब, खाली सांगते. ऐका ना माझं.”

“इथंच सांगा. प्लांट समोर दिसतोय तोवर.”

“साहेब, यंत्र थांबलंय आणि...”

“बाई!” साहेबांचे हसू आता दातांपुरतेच उरले. “बोला.”

आणि ती बोलली. याचे तिला पुढे फार दिवस नवल वाटत राहिले. तळहाताच्या घामाने छडी निसटत होती आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज स्वच्छ, ठणठणीत, एकेक शब्द सुटा करून सांगत होता, की आज हे एक युनिट आहे, त्याच्या शेजारी दुसरे उभे राहील, मग तिसरे. की जिथे जिथे गॅस वाया जळतो आहे तिथे तिथे कंपनी जाईल. की एक दिवस समोरची ही ज्योत कायमची विझेल, कारण जाळायला गॅसच उरणार नाही. डोळे मात्र तिने त्या ज्योतीवरून काढले नव्हते. भडक, ती मनात म्हणत होती. भडक गं बाई. आजन्म तुला शिव्या दिल्या, एकदा भडक.

आणि चूल भडकली.

भस्सकन आवाज आला, काच खडखडली, चिमणीच्या टोकावर घराएवढी ज्वाला उभी राहिली. पाहुणे आधी दचकले. एक-दोघांनी हेल्मेटे सावरली. विस्तारसाहेबही एक पाऊल मागे सरकले, पण तो माणूस पट्टीचा होता. त्यांनी दोन्ही हात पसरले.

“बघा! केवढा गॅस आहे आमच्याकडे! आज जळतोय. उद्या याचा थेंब न् थेंब इंधन होणार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोबाइल वर झाले. आणि सगळ्यांत जोराने टाळ्या रेडिओने वाजवल्या. तिचे डोळे भरून आले होते आणि हात थांबत नव्हते. वाट मिळाली. आतले सगळे वाचले. विस्तारसाहेबांनी तिच्याकडे पाहून पसंतीची मान हलवली.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा मागच्या फाटकाने रुग्णवाहिका गेली. तिने कंट्रोल रूमला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बोर्डावरची नवी मुलगी म्हणाली, “ताई, मला काही सांगायला बंदी केलीय,” आणि रडायला लागली. रेडिओने बाकीचा दिवस कसा काढला हे तिचे तिलाच ठाऊक. घरी येऊन तिने कुकर चढवला नाही. ती ओट्याला टेकून नुसती जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसली.

पावले आली. ओळखीची होती. दार उघडून तिने नवऱ्याचे खांदे, हात, तोंड चाचपून पाहिले. गालावर सकाळचाच काप होता, दुसरे काही नव्हते.

“मामा?” तिने विचारले.

तो जमिनीवरच बसला. “गॅस वर सोडणारी झडप आपोआप उघडायला हवी होती. अडकली. हातानं फिरवायचं चाक होतं, पण त्याच्या शेजारूनच वाफ फुटलेली. मी निघालो होतो गं. मामांनी कॉलर धरून मागं ओढलं. म्हणाले, तुझ्या मनगटात जोर नाही, हो बाजूला.”

“तुमच्या मनगटात?” ती म्हणाली. या घरातल्या बरण्यांची झाकणे मामा कायम नवऱ्याकडून उघडून घेत.

“पूर्ण फिरवलं चाक. शेवटपर्यंत. सोडलं नाही.” त्याने डबा भिंतीशी सरकवला. मग म्हणाला, “तिकडं वर काय झालं?”

“टाळ्या वाजवल्या.”

“कोणी?”

“सगळ्यांनी.” ती थांबली. “मी पण.”

त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. ती त्याच्याकडे बघायला धजेना.

“चूल भडकल्याचा आवाज आला तेव्हा मीही आत नाचलो होतो,” अखेर तो म्हणाला. “मामा दिसले नव्हते तोवर.”

मामा दवाखान्यातून परत आले नाहीत. किरकोळ बिघाड, उत्पादनावर परिणाम नाही, असे कंपनीने कळवले आणि ते खरेही होते. दुसऱ्या युनिटला मंजुरी मिळाली. मामांचा एक पुतण्या येऊन त्यांची खोली रिकामी करून गेला. त्यांची कपबशी तेवढी हिच्या फळीवर राहिली. ती परत द्यायची असते हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि हिनेही आठवण केली नाही. संध्याकाळी चहा अजूनही कधीकधी जास्तच पडायचा.

मग एका सकाळी ती गॅलरीत आली तर भिंतभर एक फोटो लावलेला. त्या दिवशी कोण्या पाहुण्याने काढलेला. मागे निळे आकाश, मधोमध ती ज्वाला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘आमची झेप’. विस्तारसाहेब म्हणाले, “झकास आलाय ना? कोणी विचारलं तर सांगायचं, आमच्या वाढीचं प्रतीक आहे.”

त्या दिवशी तिने पोटात दुखते असे सांगितले आणि ती घरी निघून आली. नवऱ्याला सांगितले.

“सोडून देऊ का?” ती म्हणाली. “त्या फोटोखाली उभी राहून मी काय सांगू?”

“ते मला काय विचारतेस? बोलता येतं म्हणून तुला तिथं उभं केलंय. मला येत असतं तर मी गेलो असतो.”

पुढचे पाहुणे आले. तीच पांढरी हेल्मेटे, तसेच नवे कोरे बूट. तिने बोटे काचेला टेकवली. काच थरथरत होती. तिने विहिरीपासून सुरुवात केली, बाजार लांब आहे हे सांगितले, सुटे मणी सांगितले, दोरा सांगितला. मण्यांपाशी माना डोलल्या. वाढीची योजनाही तिने एक शब्द न गाळता सांगितली.

“आणि हा फोटो कशाचा?” एका बाईंनी विचारले.

विस्तारसाहेब पुढे सरकले. हात पसरायच्या तयारीत त्यांनी तिला डोळ्यांनीच खूण केली, सांगा.

रेडिओने छडी खाली ठेवली. फोटोकडे वळून राष्ट्रगीताला उभे राहावे तशी ती नीट उभी राहिली.

“हा आमच्या मामांचा फोटो आहे,” ती म्हणाली. शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तोच आवाज.

विस्तारसाहेबांचे हात अर्ध्यावरच राहिले. मग पाहुणे एकेक करून भिंतीजवळ गेले आणि चष्मे सावरून त्या ज्वालेत माणूस शोधू लागले.