अकराव्या वर्षीची चौकशी

लिडिया पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत टेक्निशियन होती. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या जुन्या गाठींचे मेणात जपलेले तुकडे पुन्हा कापून ती स्लाइड बनवायची. पेशी किती बिघडल्यात, गाठीचा काही भाग आतूनच मेलाय का, हे पाहून आजार कोणाचा उलटेल, कोण किती जगेल, याचा अंदाज डॉक्टर बांधत. तो खरा ठरला का हे पाहायचं, तर पेशंटचं पुढं काय झालं ते कळायला हवं. तळेगाव ढमढेरेच्या बाळासो या जुन्या पेशंटचा फोन लागत नव्हता. लिडियाचं माहेर तिथून जवळच, शिरूरचं, म्हणून एका रविवारी चर्च सुटल्यावर ती जीपनं तळेगावला गेली.

ऑपरेशनला दहा वर्षं होऊन गेली होती. स्लाइड पाहता माणूस तीन वर्षंही काढणार नव्हता. मृत्यूची तारीखच विचारावी लागेल, असं ती धरून चालली होती.

बाळासो शेतात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते.

"तपासणी पाच वर्सं केली," ते म्हणाले. "मग सोडली. तरास काय न्हाई. पर माझी गाठ कशी व्हती? तवा कुणी नीट सांगितलं न्हाई."

लिडियाला फक्त माहिती आणायला सांगितलं होतं. तरी तिनं सांगितलं.

"वाईट होती, मामा. अशी गाठ बहुतेक दोन-तीन वर्षांत उलटते. तुमची का नाही उलटली, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"म्हंजी अजून बी उलटंल?"

"उलटू शकते. एकदा तपासून घ्या."

त्यांची बायको सोजरबाई बांधावर उभी होती. "धा वर्सं सुखात गेली," ती म्हणाली. "तुम्ही कशाला आलात?"

लिडियानं हॉस्पिटलचा नंबर कागदावर लिहून बाळासोंना दिला.

पुढच्या आठवड्यात दोघं पुण्याला आली. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली. ती काढून तपासली, आजार तोच होता, मूत्रपिंडातून आलेला. दुसरीकडे कुठं काही नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी लिडिया वॉर्डात गेली.

"आता ह्यांना किती वर्सं, ते सांगतं का तुमचं मशीन?" सोजरबाईनं विचारलं.

"शंभर जणांचं मिळून सांगता येतं, मावशी. एकट्याचं नाही."

सोजरबाई नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत राहिली.

"मग पुढच्या तपासणीची तारीख तेवढी लिहून द्या," बाळासो म्हणाले. "मोठ्या अक्षरात."