नकाशातलं बदक

मिस्त्री देशाचे तुकडे करायचा आणि त्यावर घर चालायचं. प्लायवूडवर नकाशा काढायचा, बारीक करवतीनं एकेक प्रांत सुटा कापायचा, आणि शाळेतल्या पोरांनी तो पुन्हा जुळवत बसायचं, असा तो उद्योग. घासकाम आणि रंगकाम त्याच्या बायकोकडे. लिहिण्यावाचण्याशी तिचं कधी फारसं जमलं नाही, पण डोळे मिटून नुसती कड चाचपली तरी कुठला प्रांत ते ती सांगायची. प्रांतांची सरकारी नावं तिच्या जिभेवर बसली नव्हती. तिच्या देशात विळा होता, घागर होती, आणि त्या दोघांच्या मधे बदक.

पोराला बदकात नोकरी लागली तेव्हा तिनं आळीभर सांगितलं, "खाणीत लागला, अगदी चोचीच्या टोकाला." लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून ती स्वतःही हसली. बदकाची आणि पोराची जुनी ओळख होती. दात येत असताना त्यानं एका बदकाची चोच चावून चावून पार संपवली होती. ते बिनचोचीचं बदक तिनं मिठाच्या बरणीमागं जपून ठेवलं होतं.

मग खाण खचली. थोडे दिवस उकरलं, मग काही हाती लागत नाही म्हणून तोंड बुजवून टाकलं. सापडला नाही म्हणजे गेला नाही, असं आईचं गणित. ती त्याच्या खाटेवरची चादर बदलत राहिली आणि नकाशांच्या कारखान्यात पाऊल टाकायची बंद झाली. घासकाम, रंगकाम मिस्त्रीच करायला लागला, आणि रंगाच्या बाबतीत तो पहिल्यापासून आनंदीआनंदच होता.

एक दिवस शाळेतल्या बाई नकाशाचा खोका घेऊन दारात आल्या. मिस्त्री लाकूड आणायला गेला होता. बाई म्हणाल्या, वर्गात एक नवी मुलगी आलीय, तिला तिचा प्रांत सापडत नाहीये. मिस्त्रीच्या बायकोनं मान हलवली. असं व्हायचंच नाही. तुकडा हरवला तर तिथं भोक दिसेल की. बाईंनी ओट्यावरच नकाशा मांडला. सगळे तुकडे बसले, चौकट भरली, आणि भोक कुठंच नव्हतं.

तिनं बोटं फिरवली. विळ्याची मूठ लांबली होती. घागरीचं पोट सुटलं होतं. दोघं एकमेकांना असे काही चिकटले होते, जणू त्यांच्यामधे कधी कुणी नव्हतंच. बाईंना तिनं कसंबसं सांगितलं, उद्या देते दुरुस्त करून.

मिस्त्री आला तेव्हा ती कारखान्यात बसली होती, कितीतरी दिवसांनी.

"बदक कुठंय?"

त्यानं लाकूड भिंतीला टेकवलं. "आधी नुसतं काढून ठेवलं होतं. पण ते भोक बघवेना गं. मग आजूबाजूचे जरा पुढं सरकवले."

"आणि तो निघाला तिथनं, तर यायचा कुठनं?"

"नाही यायचा तो."

हे त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. ती रडली नाही. तिनं विचारलं, असे किती शाळांत गेले? तो म्हणाला, तेव्हापासूनचे सगळेच. आणि तक्रार? फक्त या बाईंची. एवढ्या शाळा, एवढी पोरं, रोज देश जुळवत होती, आणि कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. याचा मात्र तिला नवऱ्यापेक्षाही जास्त राग आला.

ती आत गेली, मिठाच्या बरणीमागचं बदक घेऊन आली आणि नकाशावर इकडं ठेवून बघितलं, तिकडं ठेवून बघितलं. ते नुसतं वर डुगडुगत राहिलं.

"मला भोक तरी कापून द्या," ती म्हणाली.

मिस्त्रीनं नकाशा शिकंज्यात आवळला. बदक जागेवर धरून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली. पाठ, शेपूट, पोट, मान. चावलेल्या कडेशी आल्यावर पेन्सिल थांबली.

"चोच?" तिनं विचारलं.

"तेवढं नको सांगूस."

चोचीचा बाक त्याला झोपेतही काढता आला असता. तिला ते माहीत होतं, म्हणून ती हटून बसणार होती. पण तो पेन्सिल खाली ठेवायला लागला, तेव्हा तिनंच त्याचा हात धरून चावलेल्या कडेवरून पुढं नेला आणि रेघ पुरी केली. मग त्यानं गिरमिटानं भोक पाडून करवतीचं पातं आत घातलं आणि कापत गेला.

बदक आत नीट बसलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं. जिथं पोरगा होता, चोचीच्या टोकाला, तिथं आता विळ्याचं लाकूड होतं, गुळगुळीत, आणि ती जागा तिनं स्वतःच्या हातानं बुजवली होती.