काचघरातला कढीपत्ता

फेब्रुवारीतली सकाळ जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या जुन्या पालिका-रोपवाटिकेत कधी घाईने येत नसे. आधी आभाळाचा काळेपणा नुसता विरळ होई, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा. मग काचघराच्या पूर्वेकडच्या तावदानांवर साचलेले थेंब एकेक करून उजळत. काचा जुन्या होत्या, कडांना शेवाळ धरलेल्या, त्यामुळे आत उतरणारा उजेड किंचित हिरवा होऊनच उतरे. तो प्रथम गावातल्या आंतोनियो आजोबांच्या लिंबावर बसे, तिथून कण्हेरीच्या पानांवर सरके, कुंड्यांच्या कडांवर रेंगाळे, ओल्या फरशीवर जरा थबके आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यातल्या कढीपत्त्यापाशी पोचे. त्या उजेडात विशेष असे काही नव्हते. रोजचाच होता. तरी झाडांना पाणी घालायला येणारा क्षितिज दर शनिवारी हातातली झारी तशीच धरून उजेड शेवटच्या पानापर्यंत पोचण्याची वाट पाहत उभा राही.

कढीपत्ता त्याचा नव्हता, शेजारच्या शैलाकाकूंचा होता. काकूंचे यजमान प्रतापकाका इथल्या कारखान्यात इंजिनीअर होते. त्यांनी एका बीपासून वाढवलेले ते झाड काकांच्या मागे काकूंनी लेकरासारखे जपले. इथल्या थंडीत कढीपत्ता उघड्यावर जगत नाही. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर गावातले लोक आपापली नाजूक झाडे या काचघरात आणून ठेवीत आणि ऊन तापू लागले की घरी नेत. गेल्या ऑक्टोबरात कुंडी इथे पोचवून काकू सांगलीला पुतणीकडे, ऊर्मिलाकडे गेल्या. मे महिन्यात झाड घरी न्यायला येते, असे सांगून गेल्या.

आता पालिकेने रोपवाटिकेची जागा विकून तिथे घरे बांधण्याचा बेत आखला होता. काचघर उबदार ठेवण्याचा खर्च झेपत नाही, हे कारण. काचघर गेले तर कढीपत्ता कुठे ठेवायचा, हा प्रश्न क्षितिजने स्वतःला अनेकदा विचारला. मग काकू परत कशासाठी येतील, हा प्रश्न त्याच्यामागेच उभा असे. त्याच्याकडे तो वळून पाहत नसे.

त्याने काकूंना फोनवर सगळे सांगितले. जाहीर सभा आहे, हेही सांगितले.

"मग बोल की सभेत," काकू म्हणाल्या.

"काकू, मला इथे मतसुद्धा देता येत नाही. म्हणतील, हा कोण पाहुणा आम्हाला हिशेब विचारणारा?"

"पाहुणा म्हणे. इतकी वर्षं पाहुण्याला कुणी ठेवून घेत नाही रे. मिठाची गुळणी धरून बसलास तर झाड गेलंच म्हणून समज."

सभा शाळेच्या सभागृहात भरली. अधिकाऱ्याने पडद्यावर खर्चाचा आकडा दाखवला, तेव्हा मागच्या रांगेतून हळहळ उमटली आणि विरली. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे लिंबाचे नि कण्हेरीचे काय चालणार? क्षितिजजवळ बसलेल्या आंतोनियो आजोबांनी त्याला कोपराने ढोसले. तो उठला, आणि उठल्यावर आपण उठलो आहोत हे त्याला कळले.

इथली रीत अशी, की बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचे आणि मग राहण्याचा रस्ता. क्षितिजने नाव सांगितले. पण रस्त्याऐवजी तो आपण पुण्याहून आलो, कामानिमित्त इथे असतो, बोलण्याचा आपल्याला तसा अधिकार नाही, असे चाचरत सांगू लागला. अध्यक्षपदी बसलेल्या पिकल्या केसांच्या बाईंनी त्याला हळुवारपणे थांबवले.

"तुमचं मूळ गाव मी विचारलं नाही. रस्ता सांगा. तेवढं पुरतं."

त्याने रस्ता सांगितला. कुणी हसले नाही. समोरच्या दोघांनी तर ओळखीची मान हलवली, कारण ते त्याच रस्त्यावर राहत होते.

"काचघराशेजारची कचेरी कधीची बंद आहे," तो म्हणाला. "मी दर शनिवारी झाडांना पाणी घालायला जातो. सगळ्या छपरांवर बर्फ साचतो, त्या रिकाम्या कचेरीच्या छपरावर मात्र टिकत नाही. तिथली ऊब कुणाच्या नावावर मांडली आहे?"

अधिकाऱ्याने कागद पुढेमागे केले, शेजाऱ्याच्या कानाशी लागला, आणि अखेर कबूल केले, की दोन्ही इमारतींचा बॉयलर एकच आहे आणि सगळा खर्च काचघराकडेच लावला गेला आहे. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नवा हिशेब लोकांपुढे येईपर्यंत जागा विकायची नाही, आणि पुढचा आराखडा झाडे ठेवणाऱ्यांना सोबत बसवून, लागल्यास दुभाषी देऊन करायचा, असे त्या रात्री ठरले. काचघराला निदान पुढचा हिवाळा मिळाला.

शनिवारी क्षितिजने काचघरातूनच सांगलीला फोन लावला आणि सभेची हकिगत सांगितली. काकू मनापासून हसल्या. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, 'अगदी बरोबर' या अर्थी इथल्या दुकानात म्हणत तशा. "काका असते तर पेढे वाटले असते त्यांनी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ऊर्मिलाने काहीतरी विचारले.

"क्षितिज, शेंडे खुडत जा हं. नाही खुडले तर नुसता उंच वाढतो तो. आणि मे महिन्यात तुझ्याच बाल्कनीत ने. एकदम उन्हात नको ठेवूस, पानं करपतात."

"तुम्ही आल्यावर बघू ना, काकू."

"जेवलास का?" त्यांनी विचारले.

फोन ठेवल्यावर त्याला ऑक्टोबरातला विमानतळ आठवला. काकूंची बॅग ठरल्यापेक्षा जड भरली होती. काकूंनी नातेवाइकांसाठी घेतलेली चॉकलेटे काढली, स्वेटर काढले, आपला जाड कोटही त्याच्या हातात दिला. पण साडीत गुंडाळलेला काकांचा फोटो काढला नाही, आणि पोळपाट-लाटणेही नाही. सात महिन्यांसाठी पाहुणी जाणारी बाई भरल्या घरात आपला पोळपाट नेत नाही. चेन अडली होती. बॅगेवर गुडघा टेकून ती त्यानेच ओढून लावली होती.

उजेड लिंबावरून कण्हेरीवर, कण्हेरीवरून फरशीवर आला. कढीपत्त्याच्या शेवटच्या पानापर्यंत तो पोचला, तेव्हा क्षितिजने झारी खाली ठेवली आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे पहिला शेंडा खुडला. बोटांना वास लागला.

शैलाकाकू परत येणार नव्हत्या.